मोजक्यांच्या बाकांवरील सन्माननीय सदस्यांस

महाराष्ट्र विधानसभेतील विरोधी बाकांवरील सन्माननीय सदस्य यांस,



नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे निकाल लागले आणि २८८ सदस्यांच्या सभागृहात आपणांपैकी कोणत्याही एका पक्षास विरोधी पक्षनेतेपदासाठी धरली जाणारी एक-दशांश जागांची मर्यादा गाठता आली नाही, सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाची मजलही वीस जागांपलीकडे गेली नाही, ही हकीकत आपणांस मी सांगावी अशातली नव्हे. तेव्हापासून विरोधी पक्षनेत्याचे आसन कोणास द्यावे, द्यावे की न द्यावे, पूर्वी केव्हा कोणास दिले होते, याचा खल वृत्तपत्रांतून आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर इतका झाला की, त्या आसनाच्या आजूबाजूस जे सदस्य बसतात त्यांनी पाच वर्षे नेमके काय करावयाचे, हा त्याहून मोठा प्रश्न फारसा कोणी विचारलाच नाही. तो विचारावा, आणि त्याचे एक उत्तर या राज्याच्या इतिहासात पूर्वीच कोणी देऊन ठेवले आहे हे आपल्या निदर्शनास आणावे, एवढ्यासाठी हे पत्र. मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. मतदारयादीत नाव आहे, इतकाच माझा अधिकार.

संख्याबळाची आपली अवस्था अपूर्व आहे असा समज आपल्यापैकी काहींच्या बोलण्यात डोकावतो. तो खरा नाही. संयुक्त महाराष्ट्राचे राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९६२ साली झाली, तेव्हा २६४ जागांपैकी २१५ जागा एकट्या काँग्रेसने जिंकल्या होत्या. उरलेल्या ४९ जागांत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६, रिपब्लिकन ३, समाजवादी एक आणि अपक्ष १५ असा सगळा विखुरलेला पसारा होता. ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पाचच वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली होती ती राज्य पदरात पडताच विसकटली होती, आणि यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाचा तो भर मध्यान्हकाळ होता. शेकापचे पंधरा हे देखील एक-दशांशाच्या मापात बसणारे नव्हते. तरीही त्या पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते म्हणून उभे राहत आणि सभागृह त्यांचे ऐकून घेत असे. आपल्या आजच्या वादात या दाखल्याचा उपयोग किती होईल ते कायदेपंडित जाणोत. मला येथे त्या पंधरांपैकी एका निराळ्याच सदस्याविषयी बोलावयाचे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून निवडून आलेला पस्तिशीच्या आसपासचा, कायद्याचे शिक्षण घेतलेला, मूळचा मोहोळ तालुक्यातील पेनूरचा एक तरुण त्या वर्षी मुंबईच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये प्रथमच जाऊन बसला. मुळात खलाशांच्या वसतीसाठी बांधलेली ती इमारत आज पोलीस खात्याच्या मुख्यालयाकडे आहे. विधिमंडळ १९८१ साली नरीमन पॉइंटच्या नव्या वास्तूत गेले, मुख्यमंत्री आले आणि गेले, राज्यात काँग्रेस फुटली, जुळली, पुन्हा फुटली, युतीचे राज्य आले, आघाडीचे आले, पण गणपतराव देशमुख मात्र सांगोल्याचेच आमदार राहिले. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा अकरा वेळा एकाच मतदारसंघाने, एकाच पक्षाच्या चिन्हाखाली त्यांना विधानसभेत धाडले. महाराष्ट्रात हा विक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. मध्यंतरी दोनदा पराभव झाला. १९७२ साली एकदा, आणि १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी. मंत्रिपदाची वस्त्रे त्यांच्या अंगावर दोनदाच चढली, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, आणि दोन्ही वेळा ती फार काळ टिकली नाहीत. १९७७-७८ च्या सुमारास काही महिने ते विरोधी पक्षनेतेही होते. उरलेला जवळजवळ सारा काळ, म्हणजे अर्धशतकाच्या आसपासचा काळ, त्यांनी आपण आज बसला आहात त्याच बाकांवर काढला.

३० जुलै २०२१ रोजी, नव्वदी ओलांडलेले गणपतराव, म्हणजे सर्वांचे आबासाहेब, सोलापुरात निवर्तले, तेव्हा निघालेले मृत्युलेख आपण वाचले असतील. त्यांतील बहुतेकांचा आशय एकच होता: हा मनुष्य एस.टी.ने प्रवास करी, साधे कपडे घाली, साध्या घरात राही, पैशाचा मोह त्याला शिवला नाही. यातले एकही अक्षर खोटे नव्हे, आणि अशा गोष्टी आजच्या काळात नवलाच्या वाटाव्यात हा दोष त्या लेखकांचा नसून काळाचा आहे हेही मी मान्य करतो. तथापि ते लेख वाचताना माझ्या मनात एक अस्वस्थता उत्पन्न झाली, ती अद्याप गेलेली नाही. ज्याने पन्नास वर्षे विधिमंडळात कायदे, अंदाजपत्रके आणि अहवाल यांची चिरफाड केली त्याच्याविषयी त्याच्या प्रवासाच्या साधनापलीकडे आम्हांस काही सांगता येऊ नये, याचा अर्थ काय? साधेपणाचे स्तवन करणे फार सोयीचे असते. त्यासाठी स्तवन करणाऱ्यास काहीच वाचावे लागत नाही. शिवाय ज्याला आपण संत ठरविले त्याचे अनुकरण करण्याच्या जबाबदारीतून आपण आपोआप मोकळे होतो, हाही त्यात एक लाभ आहेच. म्हणून माझी विनंती अशी की, आपण एस.टी.ने जा अथवा विमानाने जा, त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही. त्यांच्या कामाकडे मात्र पाहा.

त्यांचे काम समजून घ्यावयाचे तर सांगोला समजून घ्यावा लागतो. माणदेशाचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीवर जो पाऊस कोसळतो त्यातला उरलासुरला अंश येथवर पोचतो, माण नदी वर्षाचे बरेच महिने वाळूची नदी असते, आणि येथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खिल्लार जनावरे राखून, ज्वारी-बाजरीवर गुजराण करीत, दुष्काळात चारा छावणीच्या आणि खडी फोडण्याच्या कामाच्या आशेवर जगत आला. ब्रिटिश अमदानीपासून या भागाच्या दप्तरांत आणेवारी, तगाई आणि जमाबंदीची तहकुबी हेच शब्द पुनःपुन्हा येतात. अशा तालुक्याचा प्रतिनिधी विरोधी पक्षाचा असणे म्हणजे, व्यवहारचतुर मनुष्याच्या हिशेबाने, तालुक्याचे वाटोळे होणे. सत्तेच्या दारात गेल्याशिवाय निधी मिळत नाही, निधीशिवाय कामे होत नाहीत, कामांशिवाय मते मिळत नाहीत, हे त्रैराशिक तेव्हाही सर्वांस पाठ होते आणि आज तर ते पक्षांतराचे शास्त्रशुद्ध समर्थन म्हणून मांडले जाते. सांगोल्याच्या मतदारांनी ते अकरा वेळा खोटे ठरविले, ही गोष्ट देशमुखांइतकीच त्या मतदारांच्याही कीर्तीची आहे.

पाण्याचेच उदाहरण घेऊ, कारण त्यांच्या कारकीर्दीचा कणा तोच आहे. कृष्णेच्या पाण्याचा तंटा बच्छावत लवादापुढे गेला आणि १९७६ साली जो अंतिम निवाडा झाला त्याने महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० टीएमसी पाणी दिले; या वाटपाचा फेरविचार मे २००० नंतर होऊ शकेल, अशी तरतूद त्यात होती, आणि त्यामुळे तोवर जे राज्य आपले पाणी अडवून वापरणार नाही त्याचा दावा दुबळा होईल ही भीती साऱ्यांनाच होती. पाणी अडविण्याची ही घाई शासनास झाली ती फार उशिरा. कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले तेच मुळी १९९६ साली. परंतु अडविलेले पाणी कोणास मिळणार, हा प्रश्न घाईने सुटणारा नव्हता. धरणाच्या पायथ्याशी आणि नदीकाठी ज्याची जमीन त्याला उसासाठी बारमाही पाणी, आणि पठारावरच्या जिरायत शेतकऱ्यास टँकर, ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नसूनही सर्वत्र अंमलात होती. आटपाडीस १९९३ पासून ज्या पाणी परिषदा भरू लागल्या त्यांनी या न लिहिलेल्या कायद्याविरुद्ध दाद मागितली: तेरा दुष्काळी तालुक्यांस कृष्णेचे पाणी मिळाले पाहिजे, आणि ते जमिनीच्या मालकीनुसार नव्हे तर माणसांच्या गरजेनुसार, समन्यायी तत्त्वाने वाटले पाहिजे. प्रतिसरकारच्या काळापासून लढत आलेले नागनाथअण्णा नायकवडी या चळवळीचे प्रमुख होते आणि त्यांच्या शेजारी गणपतराव देशमुख होते.

या दोघांच्या जोडीत आपल्यासाठी एक धडा आहे, तो थोडा विस्ताराने सांगतो. चळवळ रस्त्यावर मागणी करते. परंतु मागणीस शासन जेव्हा उत्तर देते तेव्हा ते अंदाजपत्रकाच्या भाषेत, सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या भाषेत, टप्पा क्रमांक आणि पंपांच्या अश्वशक्तीच्या भाषेत देते, आणि ही भाषा ज्याला वाचता येत नाही त्याची फसगत करणे फार सोपे असते. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेवर बंधारा घालून ते पाणी टप्प्याटप्प्याने उपसत खानापूर, आटपाडी, सांगोला या बाजूस न्यावयाचे, ही योजना कागदावर आली तेव्हा ती मंजूर झाली एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ होते. परंतु मंजुरी म्हणजे तरतूद नव्हे, तरतूद म्हणजे खर्च नव्हे, आणि खर्च म्हणजे पाणी नव्हे, हे वर्षानुवर्षे सांगत राहणारा कोणी तरी सभागृहात बसलेला असावा लागतो. म्हैसाळच्या योजनेचीही तीच कथा. पुढे पाणी आले तर उपशाच्या विजेचे बिल कोणी भरावयाचे हा नवा झगडा उभा राहिला आणि अखेरीस त्यातील ८१ टक्के शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी सोसावे असे सूत्र ठरले. डोंगर चढून पाणी आणण्याचे काम पंप करतात. परंतु ते चालू राहावेत म्हणून जी चिकाटी लागते ती अहवाल वाचणाऱ्याची असते. मोर्च्यात देशमुख नायकवडींबरोबर चालत आणि सभागृहात एकटे उभे राहत. या दोन्ही कामांत त्यांना विरोध दिसला नाही.

संख्या नसताना काय साधते, याचा दुसरा दाखला रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात या राज्यातील लाखो माणसे सरकारी कामांवर होती. कामाची मागणी करणारे मोर्चे तेव्हा जागोजाग निघाले आणि त्यांत शेकापसारखे पक्ष आघाडीवर होते. वि. स. पागे हे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. योजनेची कल्पना आणि आराखडा त्यांचा. परंतु मागेल त्याला काम हा हक्क कायद्यात उतरावा यासाठी जी हवा तयार झाली ती एकट्या सत्ताधारी पक्षाची नव्हती. नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून ग्रामीण मजुराच्या रोजगारासाठी पैसा उभा करणे ही गोष्ट आज एखाद्या मंत्रिमंडळाने करून पाहावी! कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तो मंजूर करून घेणाऱ्यांच्या यादीत विरोधी पक्षाचे नाव शोधत बसणाऱ्यास विधिमंडळ कळलेच नाही, असे मी म्हणेन. विरोधी सदस्याच्या कामाचे फळ नेहमी दुसऱ्याच्या सहीने येते, आणि ज्याला याचे दुःख होते त्याने दुसरा उद्योग पाहिलेला बरा.

तालुक्यातही देशमुखांनी केवळ मागण्यांवर काम भागविले नाही. जेथे कापूस फारसा पिकत नाही अशा ठिकाणी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करणे हा तसा उलटाच विचार. पण त्यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि चालली. याच काळात सांगोल्याच्या माळरानावर डाळिंबाच्या बागा फुलल्या. त्याचे श्रेय मुख्यतः तेथील शेतकऱ्यांस आहे, आणि ‘तेल्या’ रोगाने त्यांपैकी कित्येकांस पुढे पुरते नागविलेही. देशातील शंभरावी किसान रेल डिसेंबर २०२० मध्ये सांगोल्याहूनच बंगालमधील शालिमारकडे निघाली. मात्र देशभर सांगोल्याचे नाव गाजले ते याने नव्हे. ते गाजले २०२२ साली, तेथील तत्कालीन आमदारांनी गुवाहाटीहून केलेल्या एका दूरध्वनी-संभाषणामुळे, ज्यात तिकडच्या झाडीची, डोंगराची आणि हॉटेलची वाखाणणी होती. पन्नास वर्षांच्या कपात सूचनांना जी प्रसिद्धी मिळाली नाही ती काही मिनिटांच्या बोलण्यास मिळाली. यावर मी भाष्य करीत नाही. आपणही त्या काळात वृत्तवाहिन्या पाहिल्याच असतील.

आता दुसरी बाजू. देशमुखांची मूर्ती घडवून आपल्यापुढे ठेवावी असा माझा मानस नाही, आणि त्यांच्या कारकीर्दीत जे खटकते ते लपविल्यास या पत्राचे मोल काय राहील? ते निवडून येत राहिले आणि त्यांचा पक्ष आटत गेला. १९६७ साली १९ जागा मिळविणारा शेकाप २०१४ साली तीन जागांवर आणि त्यानंतर एकेका जागेवर येऊन ठेपला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे संस्थापक पन्नाशीच्या दशकातच काँग्रेसमध्ये परतले होते, ग्रामीण भागातील सहकाराची सारी यंत्रणा सत्ताधाऱ्यांच्या मुठीत गेली होती, ही कारणे आहेत. तरीही एका व्यक्तीवरील निष्ठा जसजशी दृढ होते तसतसे पक्षाचे संघटन त्या व्यक्तीच्या सावलीत खुरटते, हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. २०१९ साली वयोमानाने ते उभे राहिले नाहीत तेव्हा उमेदवारी त्यांच्या नातवाकडे गेली आणि ७६८ मतांनी जागा हातची गेली; २०२४ साली ती परत आली ती दुसऱ्या नातवाच्या रूपाने. ज्या पक्षाने आयुष्यभर वतनदारीविरुद्ध रान उठविले त्या पक्षास पन्नास-पंचावन्न वर्षांत घराबाहेरचा एक वारस तयार करता येऊ नये, हे मला बोचते. त्यांना ते बोचत होते की नाही, कोण जाणे.

तरीही, आणि हे सारे जमेस धरूनही, आपल्या आजच्या स्थितीत त्यांच्याहून उपयुक्त दाखला मला दिसत नाही. प्रत्येक आमदारास स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपये मिळू लागल्यापासून सदस्याचे मोजमाप सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि स्वागतकमानी यांवरून होऊ लागले आहे. निधी कोणास किती, याच विषयावर सदस्य सर्वांत तळमळीने बोलतात. वास्तविक पेव्हर ब्लॉक बसविण्यास ग्रामपंचायत पुरेशी आहे. विधानसभेकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडेही नाही: मंत्र्यास सभागृहात उत्तर द्यावयास भाग पाडणारा तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा-तास चर्चा, खात्याच्या मागणीवरील कपात सूचना, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे लोकलेखा, अंदाज आणि आश्वासन या समित्या, जेथे ना कॅमेरा असतो ना टाळ्या, परंतु जेथे सचिवास आपल्या समोर बसून कागद दाखवावे लागतात. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पुढे काय झाली हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र समिती आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या मतदारांस माहीत असेल? आणि त्या समितीच्या बैठकीस उपस्थित राहण्यासाठी बहुमत लागत नाही.

सभात्याग हे हत्यार आहे हे मी जाणतो. कधी कधी ते उपसावेच लागते. परंतु पायऱ्यांवर फलक घेऊन काढलेल्या छायाचित्राचे आयुष्य एका दिवसाचे असते, आणि आपण बाहेर असताना आत कोट्यवधींच्या मागण्या चर्चेविना संमत होतात. सत्ताधारी पक्षास यापरते सोयीचे काय असेल?

म्हणून एक साधी मागणी करतो. येत्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील, त्यांत जलसंपदा खात्याची मागणी असेलच. आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातील एक अपुरी योजना निवडावी, तिची मूळ किंमत, सुधारित किंमत, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांची खात्याच्याच कागदांतून रुजुवात घालावी आणि त्यावर कपात सूचना द्यावी. ती फेटाळली जाईल हे आपणांस ठाऊक आहे आणि मलाही. पण मंत्र्यांस उत्तर द्यावे लागेल, ते उत्तर छापले जाईल, आणि पुढील वर्षी तेच उत्तर पुन्हा दिले गेले तर मागील वर्षाचे पान वाचून दाखविता येईल. या कामास चार-पाच वर्षे लागतात. तितकी मुदत मतदारांनी आपणांस दिलेली आहे.

या पत्रास उत्तर यावे अशी अपेक्षा आहे. ते माझ्या नावे न येता कामकाजाच्या छापील वृत्तांतात आले, तर अधिक बरे.

आपला नम्र,
एक मतदार